साठ वाव, साठ मीटर

वाव म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने दोन्ही हात पसरून उभं राहावं. उजव्या हाताच्या मधल्या बोटापासून डाव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जेवढी दोरी लागेल ती एक वाव. पाण्याची खोली, जाळ्याचा दोर, दोन खुंटांमधलं अंतर, सगळं आम्ही वावेनेच मोजत आलो. मीटर म्हणजे काय ते मात्र आम्हाला वामनराव चुरींनी शिकवलं, आणि त्या शिकवणीने आमचा जवळजवळ निम्मा समुद्र आठवड्याभरात नाहीसा झाला. हसू नका. माशांच्या बाबतीत मी खोटं बोलतो, त्याला इलाज नाही, पण मापाच्या बाबतीत आजवर कधी बोललो नाही.

साल त्रेसष्ट. तारापूरच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. मी राहीबाईच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होतो. होडी तिच्या नवऱ्याची, हिराजीची. हिराजी दोन वर्षांपूर्वी तापाने गेला तेव्हा तिच्या पदरात दोन मुली, एक होडी आणि एक कव राहिली. कव म्हणजे डोल, पिशवीसारखं मोठं जाळं, लावायची समुद्रातली ठरलेली जागा. तुमच्या शेताला बांध असतो, आमच्या कवेला खुंट असतात. तारापूरच्या किल्ल्याचा बुरूज आणि आमच्या देवळाचा कळस एका रेषेत आला की तिथे राहीबाईचा पहिला खुंट. तिथून उत्तरेला वीस-वीस वावेवर आणखी तीन. चार खुंट, त्यांमध्ये तीन डोली. एकूण साठ वाव. हिराजीने ते खुंट स्वतः ठोकले होते आणि अंतर स्वतःच्या हातांनी मोजलं होतं. त्याचे हात असे लांब, की झोपला तर एक हात ओटीवर आणि दुसरा शेजाऱ्याच्या चुलीत.

बरं. तर सरकारने जुनी मापं बंद केली. शेर गेला, मण गेला, फूट गेला, किलो आणि मीटर आले. त्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मीटर भला माणूस आहे. तो कोणाच्या हातांवर अवलंबून नाही. पालघरात जेवढा, तेवढाच मनोरच्या बाजारात. माझी तक्रार आहे ती वामनरावांबद्दल.

वामनराव आमच्या मच्छीमार सोसायटीचे कारकून. मूळचे पालघरचे. शर्टाच्या खिशात दोन टाक, एक निळा, एक लाल, आणि सायकलच्या मागे कापडात गुंडाळलेली पट्टी. जुनी मापं वापरणाऱ्यावर कारवाई होईल, असा कागद आला तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि सोसायटीची सगळी रजिस्टरं खाली काढली. शेर दिसला की लाल रेघ, वर ‘किलो’. हात दिसला की लाल रेघ, वर ‘मीटर’. वाव दिसली की लाल रेघ, वर ‘मीटर’. मैल दिसला की तिथेही मीटरच. आकड्यांना मात्र त्यांनी बोट लावलं नाही. आकडे पूर्वीच्या कारकुनाचे होते आणि दुसऱ्याच्या आकड्यात हात घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

‘बोईसर स्टेशन : सहा मैल’ असं सोसायटीच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. त्याचं ‘सहा मीटर’ झालं. त्या दिवसापासून बोईसर आमच्या ओट्यावरून पान थुंकायच्या अंतरावर आलं, पण आमची गाडी चुकायची ती चुकतच राहिली.

पहिला फटका बसला तो जिव्याला. जिव्या बेटेगावच्या बाजूचा, डोंगराकडचा. दरवर्षी आमच्यासाठी रानातून खुंट आणायचा, अठरा हात लांबीचे. यंदा वामनरावांनी त्याला लेखी मागणी दिली : ‘खुंट, अठरा मीटर्स, नग दहा.’ जिव्याला वाचता येत नव्हतं, पण बेटेगावच्या मास्तराने त्याला अठरा मीटर अंगणात चालून दाखवले होते. तो तसाच परत आला, आणि ओट्याखाली उभा राहून म्हणाला,

“भाऊ, असा झाड आमच्या रानात नाय.”

“शोध म्हणजे सापडेल,” वामनराव म्हणाले.

“शोधला. अर्धा मिळतो. दोन जोडून देऊ?”

“जोड चालणार नाही. सरकारने सगळीकडे मीटर केलाय, जिव्या. सगळ्यांनी बदललं पाहिजे.”

“मी बदलतो, भाऊ. झाडाला कोन सांगल?”

मी तिथेच बसून दोर वळत होतो. मला हसू फुटलं. आज त्या हसण्याची लाज वाटते. आकडा जागेवर आणि माप दुपटीच्या वर, हे जिव्याने आम्हाला उभ्या उभ्या दाखवलं होतं. तेव्हाच वामनरावांची मानगूट धरून त्यांना रजिस्टरासमोर बसवलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण आम्ही हसलो, आणि हे हसणं रामा पागधरेने ऐकलं.

रामाची कव राहीबाईच्या कवेला लागून, उत्तरेला. त्याच्या चार डोली, ऐंशी वाव. माणूस कामाचा, पण डोळा कायम दुसऱ्याच्या जाळ्यात. चौथीपर्यंत शिकला होता आणि त्यातलं गणित तेवढं त्याच्या डोक्यात राहिलं होतं. तो संध्याकाळी सोसायटीत गेला, रजिस्टर मागून घेतलं आणि राहीबाईच्या नावापुढे बोट ठेवलं. ‘कव : साठ मीटर.’ हिराजीच्या साठ वावेत असे मीटर शंभरावर बसतात. म्हणजे कागदाप्रमाणे राहीबाईची कव दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटांच्या मध्येच संपत होती. तिसरा आणि चौथा खुंट, त्यांतल्या दोन डोलींची जागा, सगळं बेवारस. रामाने तिथल्या तिथे अर्ज केला : ‘रिकामी जागा मला मिळावी.’ वामनरावांनी रजिस्टरावर पट्टी लावून बघितलं, जागा खरोखरच रिकामी निघाली, आणि त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मी होडी घेऊन गेलो तर आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या खुंटाला रामाची डोल बांधलेली. हिराजीने ठोकलेले खुंट, आणि त्यांना रामाच्या गाठी! मी दोन डोली होडीत तशाच घेऊन परतलो.

राहीबाई वाडीत बोंबील वाळत घालत होती. मी सांगितलं. तिने हातातला बोंबील नीट टांगला, मग दुसरा घेतला, तोही टांगला.

“नवशादादा, खुंट उपटलं त्यानं?”

“नाय. खुंट तुझंच हायत. डोल त्याची.”

“म्हणजे माझ्याच दारात माझ्याच खुंटीला त्याचा सदरा.”

“तसंच.”

“एका डोलीवर दोन पोरी नि चार खलाशी जगवायचं?” तिने टोपली उलटी केली, हात पदराला पुसले. “चला.”

“कुठं?”

“जिथं माझा समुद्र कापला तिथं.”

सोसायटीत वामनराव होते, रामा होता, आणि आमची वरात बघून मागोमाग आलेलं अर्धं गाव होतं. राहीबाई ओट्यावर चढली, बसली नाही.

“चुरीभाऊ, माझी कव किती?”

“साठ मीटर.” त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे फिरवलं, जणू तिला वाचता येत होतं.

“माझ्या नवऱ्यानं साठ वाव मोजली.”

“वाव आता कायद्यात नाही, बाई. तो शब्द उच्चारणंसुद्धा बरोबर नाही.”

“शब्द नको तर नको. जागा तर हाय ना? चार खुंट हायत. जाऊन बघा.”

“मी कशाला बघू? माझ्यापुढे रजिस्टर आहे.”

“नि रजिस्टरात नि समुद्रात फरक पडला तर?”

वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “तर समुद्र चुकीचा.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चाळीस-पन्नास माणसं साक्षीला होती. अरे, समुद्र चुकीचा! ज्याच्यावर आमचे आजे-पणजे वाढले, ज्याने भल्या भल्या जहाजांची हाडं किनाऱ्यावर आणून टाकली, तो चुकीचा, आणि दोन आण्यांच्या लाल शाईतला बिनडोक ‘मीटर’ बरोबर! माझं डोकं असं तापलं, की टोपीवर पापड ठेवला असता तर फुलला असता. मी पुढे झालो, पण राहीबाईने हाताने मागे सारलं.

रामा खांबाला टेकून म्हणाला, “वहिनी, कायद्यापुढं कोनाचं चालतं? मला काय हौस हाय?”

“हौस नाय तर गाठी कशाला मारल्यास, भावजी?”

“कागद हाय माझ्याकडं.”

“हो ना? कागद खरा ना?”

“खरा.”

“सगळ्यांना सारखा?”

“सगळ्यांना सारखा,” रामा म्हणाला, आणि तिथेच तो फसला.

राहीबाई वामनरावांकडे वळली. “चुरीभाऊ, रामा पागधऱ्याची कव किती लिवलीय?”

वामनरावांनी पान उलटलं. “ऐंशी मीटर.”

“पूर्वी किती होती?”

“पूर्वी... ऐंशी. दुसऱ्या मापात.”

“म्हणजे त्याचीही जवळजवळ निम्मी सुटली. त्याच्या शेवटच्या दोन डोलींची जागा रिकामी. लिवा माझा अर्ज. मी अंगठा लावते. ती जागा मला पायजे.”

रामाने खांब सोडला. “असं कसं? ती माझी वडिलोपार्जित—”

“कायद्यापुढं कोनाचं चालतं, भावजी?”

आणि मग गावाला अक्कल आली. सगळ्यांच्या कवा त्याच रजिस्टरात, त्याच लाल शाईत होत्या. प्रत्येकाची कव आखडली होती आणि प्रत्येकाच्या शेजाऱ्याची पण. दुपारपर्यंत वामनरावांपुढे तेवीस अर्ज पडले. काकाने पुतण्याच्या कवेवर, जावयाने सासऱ्याच्या कवेवर, आणि शेजारच्या हंसाच्या नवऱ्याने घाईघाईत स्वतःच्याच कवेवर अर्ज केला. वामनरावांना हे गैर वाटलंच नाही. नियमात बसत होतं. एकेक अर्ज पट्टी लावून बघत, एकेकावर शिक्का मारत ते संध्याकाळपर्यंत बसले. उठले तेव्हा पट्टी धरलेल्या हाताला वळ उठले होते.

पुढचे चार दिवस आमच्या समुद्रात जे चाललं ते देवाने कोणाला दाखवू नये. ह्याच्या खुंटाला त्याची डोल, त्याच्या डोलीत तिसऱ्याचा दोर. जाळी इतकी दाट झाली, की बोंबलांना वळायला जागा उरली नाही. ते शेपटीवर उभे राहून एका ओळीत पुढे सरकत होते आणि त्यांतला जुनाजाणता बोंबील मागच्यांना ‘धक्का मारू नका’ म्हणून सांगत होता. दोन होड्यांची वल्ही मोडली. आमच्या आळीतल्या नलूच्या दिराचा दात पडला. आणि पाचव्या दिवशी रामा पागधरे स्वतःच्या पायांनी राहीबाईच्या ओटीवर आला.

“वहिनी, हे मिटवलं पायजे.”

“तू तिसऱ्या-चौथ्या खुंटाच्या गाठी सोड. मिटलं.”

“गाठी सोडीन, पण कागदावर तसंच राहिलं तर उद्या दुसरा कोनी येईल. माझ्या कवेवरपन येईल.”

“मग तांडेलकी कर. गाडी धर नि पालघरला जाऊन कोन मोठा मापवाला असंल त्याला घेऊन ये. समुद्रात. टेप घेऊन.”

मापवाले साहेब तिसऱ्या दिवशी आले. उन्हाने लाल झालेला, चिडक्या चेहऱ्याचा, पण सरळ माणूस. हातात पोलादी टेप, वीस मीटरची. त्यांनी प्रथम सोसायटीची भिंत वाचली. ‘बर्फ ४० कि. मीठ ६० किलोज्. दोर २०० मि.टर्स.’

“हे ‘बर्फ चाळीस कि’ म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

“किलो, साहेब,” वामनराव उभे राहिले.

“किलो म्हणजे नुसतं हजार. हजार काय?”

वामनराव गोंधळले. “हजार... बर्फ.”

“किलोग्रॅम लिहा! आणि हे काय? मीटरचं चिन्ह एकच, सगळीकडे तेच. त्यात टिंब नाही, त्याला अनेकवचन नाही. एक असो की हजार असोत, चिन्ह तेच. आकडा, मग थोडी जागा, मग चिन्ह.”

वामनरावांचा चेहरा उजळला. चूक टिंबाची होती तर! त्यांनी तिथल्या तिथे ब्लेड घेऊन रजिस्टरातली टिंबं खरवडायला घेतली. एकेक टिंब, जीभ दातांत धरून. राहीबाईच्या ओळीतलंही खरवडलं, साठ आणि मीटर यांच्यामध्ये जागा सोडली, आणि वही साहेबांपुढे धरली. “आता निर्दोष आहे, साहेब.”

साहेबांनी ओळ बघितली. मग लाल रेघेखालचा जुना शब्द बघितला. त्यांनी वही वामनरावांकडे फिरवली.

“तुम्ही आकडा तोच ठेवलात?”

“आकडा पूर्वीचा होता.”

“माप बदललं, आणि आकडा तोच?” साहेबांचा आवाज चढला. “अहो, मीटर म्हणजे वावेचं नवं नाव नाही! पोरीचं सासरी नाव बदलतात तसं नाही हे! हे चिन्ह म्हणजे शपथ आहे. हे लिहिलंत म्हणजे तुम्ही जगाला सांगितलंत, की मी मोजलंय. तुम्ही मोजलंत?”

वामनरावांनी रजिस्टराकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच समुद्राच्या दिशेला बघितलं.

“नाही,” ते म्हणाले.

“मग आज मोजा.”

अमावस्येची ओहोटी होती, पाणी खूप मागे गेलं होतं, खुंटांची डोकी हातभर वर आली होती. होडीत साहेब, वामनराव, रामा आणि मी वल्ह्याला. राहीबाई चिखलातून चालत आली आणि होडीच्या काठाला हात लावला.

रामा म्हणाला, “वहिनी, बाईमानूस होडीत? नि त्यात...” पुढचं तो बोलला नाही, पण आम्हाला समजलं.

“नि त्यात काय, भावजी? विधवा? कव माझ्या नावावर हाय तेव्हा चालते, नि मोजायला आले तर होडी बुडते?” तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि चढली. “बुडाली तर माझ्याच कवेत बुडंल.”

पहिल्या खुंटाला दोर बांधून ताणला, आणि वीस-वीस मीटरला त्यावर गाठ मारत टेप पुढे सरकवत निघालो. टेपेचं एक टोक रामाने धरलं. दुसरं टोक वामनरावांच्या हातात. बिचारे आयुष्यात प्रथमच होडीत बसले होते. पहिल्या वीस मीटरला ते पांढरे पडले, चाळीसला हिरवे, आणि साठ मीटर झाले तेव्हा आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटांच्या मध्ये, भर पाण्यात होतो. तिथे खुंट नव्हता, खूण नव्हती. पाणी होतं.

“इथं,” राहीबाई म्हणाली. “चुरीभाऊ, इथं संपवलंत तुमी मला.”

वामनराव काठावरून वाकले. सकाळची भाकरी समुद्राला गेली. पण माणूस खरा कारकून. टेपेचं टोक त्यांनी सोडलं नाही. ऐंशी झाले. शंभर झाले. चौथ्या खुंटाला होडी लागली तेव्हा त्यांनी स्वतः वाकून आकडा वाचला, साहेबांना दाखवला, पुन्हा वाचला.

“एकशे अकरा मीटर चाळीस सेंटीमीटर.”

“लिहा,” साहेब म्हणाले.

त्यांनी होडीतच गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण आकड्यात आणि चिन्हात जागा सुटली होती. खाली त्यांनी सही केली आणि सहीवर एक ओळ घातली : ‘प्रत्यक्ष मोजले.’ मग वही मिटून ते राहीबाईला म्हणाले, “बाई, चुकी माझी. समुद्राची नाही.”

तिने मान हलवली, पण तिचं लक्ष रामाकडे होतं. रामाची डोल अजून तिसऱ्या खुंटाला होती.

“चला, भरती लागली,” साहेब म्हणाले. पाणी खरंच वळलं होतं, होडी हलायला लागली होती. “बाकीच्या कवा उद्या घेऊ.”

“बाकीच्या उद्या,” राहीबाई म्हणाली. “माझी आज पुरी होऊ द्या. भावजी, सोडा.”

“आता? वहिनी, पानी चढतंय. उद्या सकाळी येऊन—”

“बांधलीस तेव्हा उद्याची वाट बघितलीस?”

रामाने माझ्याकडे बघितलं. मी वल्हं पाण्यात रोवून होडी तिसऱ्या खुंटाला धरून ठेवली आणि आकाशाकडे बघत राहिलो. मग तो छातीभर पाण्यात उतरला. ओल्या गाठी, बोटांनी सुटेनात, दातांनी सोडवायला लागल्या. एक सुटली. दुसरी सुटली. साहेब घड्याळ बघत होते, वामनराव होडीच्या तळाशी डोळे मिटून पडले होते, आणि राहीबाई काठावर बसून प्रत्येक गाठ बघत होती. चौथ्या खुंटावर जायला रामाला पोहावं लागलं. तिथली शेवटची गाठ त्याने कापायला सुरी काढली तेव्हा तीच ओरडली, “कापू नको! दोर तुझा हाय, फुकट कशाला घालवतोस? सोडव.”

त्याने सोडवली. त्याची डोल गोळा करून आम्ही किनाऱ्यावर त्याच्या होडीत टाकली. साहेबांना, वामनरावांना आणि राहीबाईला तिथेच उतरवलं, खलाशांना घेतलं, आमच्या दोन डोली उचलल्या आणि भरतीच्या तोंडावर परत निघालो. राहीबाई चिखलात उभी राहून तिथूनच मला ओरडून सांगत होती, तिसरा खुंट जरा हलतोय, तिथली गाठ दुहेरी मार.